मॅडमना अध्यासन मिळालं

माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक प्राध्यापिकांना यंदा त्यांच्या विद्यापीठाने मानाचं अध्यासन दिलं. एअरोस्पेस इंजिनिअरिंगच्या विभागात त्यांची उभी कारकीर्द गेली. बातमी कळल्यापासून मी ती भेटेल त्याला सांगत सुटले आहे आणि समोरून हमखास एकच प्रश्न येतो, "पण त्या आधीपासून प्रोफेसरच होत्या ना? मग आता नवीन काय झालं?"

प्रश्न रास्त आहे. याला बढती म्हणावं, तर पद तेच राहतं, वर्ग तेच, लॅबही तीच. पुरस्कार म्हणावा, तर एका समारंभात देऊन मोकळं होण्यासारखी ही गोष्ट नाही. अध्यासनाची व्यवस्था साधारण अशी असते: कुणी एक व्यक्ती, कुटुंब किंवा संस्था विद्यापीठाला मोठी रक्कम देते. मुद्दलाला हात लागत नाही. त्याच्या उत्पन्नातून एका प्राध्यापकाच्या पगाराचा काही भाग, दोन-तीन संशोधक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, उपकरणं, प्रवास असा खर्च चालतो. पदाच्या नावात देणाऱ्याचं किंवा त्याला आदरणीय असलेल्या कुणाचं तरी नाव जोडलेलं असतं. अनेक ठिकाणी मुदत पाच वर्षांची असते आणि काम पाहून ती वाढवतात. सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे या पैशासाठी दर खेपेला प्रस्ताव लिहावा लागत नाही. "तीन वर्षांत नक्की काय सिद्ध करणार?" असं कुणी आधी विचारत नाही. ज्यांनी प्रायोगिक संशोधन केलं आहे, त्यांना या एका वाक्याची किंमत लगेच कळेल.

ही कल्पना आजकालची नाही. केंब्रिज विद्यापीठाचे संसद सदस्य हेन्री लुकास १६६३ मध्ये वारले. त्यांनी मृत्युपत्रात गणिताच्या एका प्राध्यापकासाठी जमीन घेण्यापुरते पैसे ठेवले होते. त्या जमिनीचं वर्षाचं उत्पन्न १०० पौंड यावं, अशी त्यांची अपेक्षा होती. त्या अध्यासनावर पहिले बसले आयझॅक बॅरो. १६६९ मध्ये त्यांनी ते सोडलं आणि तिथे आले २६ वर्षांचे न्यूटन. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पुढे डिरॅक आणि हॉकिंग होऊन गेले, हेही माहीत असतं. पण आम्हा हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करणाऱ्यांचा जीव या यादीतल्या दुसऱ्याच दोन नावांत अडकलेला असतो.

त्यातले एक जॉर्ज स्टोक्स. १८४९ ते १९०३, म्हणजे ५४ वर्षं ते त्या अध्यासनावर होते. कुठलाही द्रव किंवा वायू कसा वाहतो हे सांगणारी समीकरणं त्यांच्या आणि फ्रेंच अभियंता नाविएच्या नावाने ओळखली जातात. विमानाच्या पंखावरची हवा, इंजिनातला वायू, धमनीतलं रक्त, सगळं त्या समीकरणांत बसतं आणि तरीही तीन मितींत त्यांची उत्तरं कायम सुरळीत राहतात की नाही, हे गणिताने अजून सिद्ध झालेलं नाही. २००० मध्ये क्ले इन्स्टिट्यूटने दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलेल्या सात प्रश्नांपैकी तो एक आहे. दुसरे जेम्स लाइटहिल. १९६९ मध्ये ते डिरॅकनंतर आले आणि दहा वर्षांनी त्यांच्या जागी हॉकिंग आले. त्याआधी ते इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या विमान-संशोधन संस्थेचे संचालक होते, म्हणजे आमच्याच घरातले. जेट इंजिनाचा आवाज येतो कुठून, हे त्यांनी १९५२ मध्ये कागदावर मांडलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या झोताच्या आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते, असं त्यातून निघालं. म्हणजे झोताची जाडी तेवढीच ठेवून वेग निम्मा केला, तर आवाजाची शक्ती २५६ पटींनी उतरते. आज प्रवासी विमानांची इंजिनं पुढून एवढी रुंद आणि पोटाळ दिसतात, त्याचं मूळ कारण इंधनाची बचत असलं, तरी थोड्या हवेला फार जोरात ढकलण्याऐवजी पुष्कळ हवेला हळू ढकलायचं, या युक्तीमुळे विमानतळाजवळ राहणाऱ्यांची झोपही वाचली आहे. हे ज्या समीकरणातून दिसलं, ते लिहिताना लाइटहिल तिशीच्याही आत होते.

मॅडमचा विषय यापेक्षा कमी गाजावाजाचा आहे. पंखाच्या पृष्ठभागाला अगदी चिकटून हवेचा एक पातळ थर असतो, त्याला बाउंडरी लेयर म्हणतात. पंखाच्या पुढच्या कडेला हा थर शहाण्यासारखा, एकावर एक पापुद्रे सरकावेत तसा वाहतो. थोडं मागे गेलं की कुठेतरी तो बिथरतो, भोवरे उठतात आणि प्रवाह संक्षुब्ध होतो. संक्षुब्ध झाला की पृष्ठभागावरचं घर्षण कित्येक पटींनी वाढतं. मोठ्या प्रवासी विमानाला होणाऱ्या एकूण अवरोधापैकी जवळपास निम्मा या घर्षणाचाच असतो. त्यामुळे तो बिथरण्याचा क्षण थोडा जरी मागे ढकलता आला, तरी जगभर जळणारं इंधन वाचेल. प्रश्न एवढाच, की थर नेमका कुठे आणि का बिथरतो? ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून हा बदल दाखवला. तेव्हापासून आजपर्यंत या प्रश्नाचं पूर्ण उत्तर कुणाच्या हाती आलेलं नाही. मॅडमनी त्याच्या एका कोपऱ्यावर आयुष्य लावलं.

हे काम हाताने कसं चालतं ते सांगते, कारण अध्यासनाच्या जाहीरनाम्यात ते कधीच येत नाही. हवेचा वेग मोजायला आम्ही हॉट वायर वापरायचो. दोन बारीक सुयांच्या टोकांमध्ये टंगस्टनची एक तार ताणलेली असते, लांबी मिलिमीटरभर आणि जाडी ५ मायक्रोमीटर. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटरचा असतो, म्हणजे ही तार उजेडात योग्य कोनात धरली नाही तर दिसतच नाही. तारेतून वीज सोडून ती तापवायची. वारा तिला थंड करू पाहतो आणि सर्किट तिचं तापमान कायम ठेवू पाहतं. त्यासाठी किती वीज लागली, यावरून वाऱ्याचा वेग कळतो आणि तोही सेकंदाला हजारो वेळा. मात्र हवेतून धुळीचा एक कण आला की तार गेली. मग मायक्रोस्कोपखाली नवी तार, पुन्हा वेल्डिंग, पुन्हा कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या वेगाशी तारेचं वाचन जुळवून घेणं. विंड टनेल, म्हणजे मोठ्या पंख्याने ठरावीक वेगाची हवा वाहवणारा बोगदा, चालू करायचं, हवेचं तापमान स्थिरावेपर्यंत थांबायचं, मग तार पृष्ठभागापासून मिलिमीटरच्या अंशांनी सरकवत एकेक वाचन घ्यायचं. बाहेर कुणी जोरात दार आपटलं तर ते वाचन बाद.

मॅडम नव्या विद्यार्थ्याला पहिले काही आठवडे कॉम्प्युटरला हात लावू देत नसत. "आधी तार लावायला शीक. ती किती वेळा तुटते, ते बघ. मग आलेख काढ," असं म्हणायच्या. त्यांची स्वतःची बोटं या कामात इतकी स्थिर होती, की मायक्रोस्कोपशेजारी उभं राहून त्यांना बघताना मी श्वास रोखून धरायचे. बोलत काही नसत. तार बसली की मान वर करून "हं, चल" म्हणायच्या आणि आम्ही टनेलकडे निघायचो.

बिथरण्याचा हा प्रश्न सुटायला किती शांतता लागते, याचा एक किस्सा त्या आम्हाला दर वर्षी सांगायच्या. टोलमीन आणि श्लिश्टिंग या जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या दोघांनी १९२९ ते १९३३ च्या सुमारास गणिताने दाखवलं, की बाउंडरी लेयर बिथरण्याआधी त्यात अतिशय क्षीण लाटा उठतात आणि त्या वाढत जातात. पण प्रयोगात त्या कुणाला दिसेनात. पुष्कळ जणांनी सिद्धान्तच झिडकारला. पुढे अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये शुबावर आणि स्क्रामस्टॅड यांनी टनेलमधल्या हवेची मूळची खळबळ कमी करायचं मनावर घेतलं. हवेच्या वाटेत त्यांनी बारीक जाळीचे पडदे एकामागून एक बसवले. खळबळ वाऱ्याच्या वेगाच्या ०.१ टक्क्याच्या बरीच खाली आली आणि हॉट वायरवर त्या लाटा स्वच्छ उमटल्या. युद्धकाळात झालेलं हे काम युद्ध संपल्यावर सर्वांसमोर आलं. लाटा तिथे आधीपासून होत्याच. टनेलच्या गोंगाटात त्या बुडालेल्या होत्या.

याच प्रश्नाच्या वाटेवर आपल्याकडची दोन मोठी नावं भेटतात. सतीश धवन यांनी अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये हान्स लीपमन यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली, ती घर्षण थेट मोजण्यावर. तोवर घर्षण बहुतेक वेळा हवेच्या वेगावरून आडून काढायचे. धवनांनी सपाट पृष्ठभागाचा एक छोटा तुकडा कापून वेगळा केला, भोवती बारीक फट ठेवून तो तरंगता बसवला आणि वाहत्या हवेने तो किती ओढला जातो हेच मोजलं. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात त्या तुकड्यावरचा ओढा इतका नाजूक असतो, की फटीतून शिरणारी हवासुद्धा उत्तर बिघडवू शकते. १९५१ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले आणि तिथे रोद्दम नरसिंहा त्यांचे विद्यार्थी झाले. प्रवाह शांत आणि संक्षुब्ध यांच्या मधल्या पट्ट्यात असताना तो किती वेळ या बाजूला आणि किती वेळ त्या बाजूला असतो, याचं या दोघांनी १९५८ मध्ये केलेलं वर्णन आजही टर्बाइनच्या पात्यांची गणितं मांडताना वापरतात. मॅडमच्या केबिनमध्ये त्या शोधनिबंधाची एक झेरॉक्स होती, पानांच्या कडा मऊ पडलेल्या. आमच्यापैकी प्रत्येकाला ती एकदा तरी वाचायला मिळाली आहे आणि परत द्यायची ताकीदही.

आता मानाच्या पदाबद्दल मला जे मनापासून वाटतं, त्याकडे येते. पद आणि काम यांची गाठ आपण समजतो तितकी घट्ट नसते. या क्षेत्रात त्याची सगळ्यात जिव्हारी लागणारी साक्ष इर्मगार्ड फ्लूगे-लोट्झ यांची आहे.

१९२९ मध्ये हॅनोव्हरला डॉक्टरेट करून त्या ग्योटिंगेनला विमानशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या संस्थेत आल्या. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उद्धरण, म्हणजे विमानाला वर उचलणारं बल, कसं वाटलं जातं, याचं समीकरण प्रांटलकडे होतं. पण कुठल्याही आकाराच्या पंखासाठी ते सोडवणं जिकिरीचं होतं. इर्मगार्डनी १९३१ मध्ये त्यावर रीत बसवून दिली. विमान बनवणारे ती 'लोट्झ पद्धत' म्हणून वापरू लागले. युद्धानंतर काही काळ फ्रान्समध्ये काढून १९४८ मध्ये त्या पती विल्हेल्म फ्लूगे यांच्याबरोबर स्टॅनफर्डला गेल्या. पतीला प्राध्यापकपद मिळालं. नवरा-बायको दोघांनाही एकाच विभागात प्राध्यापक नेमायचं नाही, असा तिथला नियम होता, म्हणून इर्मगार्डना व्याख्याता हे पद मिळालं. त्या पदावरून त्यांनी पीएच.डी.चे विद्यार्थी घडवले, वर्ग घेतले, सेमिनार सुरू केले. एव्हाना त्या एका वेगळ्याच विषयातही खोल शिरल्या होत्या. ज्या यंत्रणा फक्त चालू किंवा बंद होऊ शकतात, मधलं काही नाही, त्यांनी एखादी वस्तू स्थिर कशी ठेवायची? अवकाशयानाचे छोटे थ्रस्टर, म्हणजे त्याची दिशा सांभाळणारी इंजिनं, अशीच चालतात. हे काम त्या करत होत्या, तेव्हा पहिला उपग्रहही उडालेला नव्हता.

१९६० मध्ये स्वयंचलित नियंत्रणाच्या मॉस्कोतल्या आंतरराष्ट्रीय काँग्रेसला अमेरिकेच्या प्रतिनिधींमध्ये त्या एकट्याच स्त्री होत्या. एवढ्या नावाच्या बाई आपल्याकडे नुसत्या व्याख्यात्या आहेत, हे विद्यापीठालाही अवघड वाटू लागलं. १९६१ मध्ये त्या स्टॅनफर्डच्या इंजिनिअरिंगमधल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या, त्याही दोन विभागांत एकदम. वय ५७-५८. सात वर्षांनी निवृत्त झाल्या.

हा इतिहास मला चीड आणतो. नंतर काळ बदलला, हे खरं. शीला विडनॉल १९६४ मध्ये एमआयटीच्या प्राध्यापकवर्गात आल्या. भोवऱ्यांच्या अस्थिरतेवरचं त्यांचं काम त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. मधली काही वर्षं त्यांनी अमेरिकेच्या हवाई दलाचा नागरी कारभार सांभाळला आणि १९९८ मध्ये एमआयटीने त्यांना इन्स्टिट्यूट प्रोफेसर केलं, जो तिथला सर्वोच्च मान आहे. २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळातही त्या होत्या. तरीही मला वाटतं ते असं: फ्लूगे-लोट्झना तेरा वर्षं आधी प्राध्यापकपद मिळालं असतं, तर हाताखाली आणखी किती विद्यार्थी आले असते, कुठली उपकरणं घेता आली असती, कुठला प्रश्न आणखी पुढे गेला असता? काम पदावाचून झालं म्हणून पदाची गरज नव्हती, असं बोलणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. पदाबरोबर येणारा पैसा, माणसं आणि वेळ हेही काम करण्याचं साहित्यच आहे. उशिरा दिलेल्या मानाने अपमान भरून निघतो कदाचित, वाया गेलेली वर्षं भरून निघत नाहीत.

दुसऱ्या बाजूला अशीही माणसं आहेत, ज्यांनी कामासाठी पदाची पायरी खाली उतरायला कमी केलं नाही. प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडलबर्गच्या गणित परिषदेत बाउंडरी लेयरची कल्पना पहिल्यांदा मांडली, तेव्हा ते २९ वर्षांचे होते आणि हॅनोव्हरला पूर्ण प्राध्यापक होते. गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्यांना ग्योटिंगेनला बोलावलं ते खालच्या दर्जाच्या प्राध्यापकपदावर. प्रांटल गेले, कारण तिथे हवं ते काम करता येणार होतं. पुढचं अर्धं शतक विमानशास्त्रातली माणसं शिकायला त्यांच्याकडे जात राहिली. आपले विष्णू माधव घाटगेही त्यांच्याकडेच डॉक्टरेट करून आले आणि भारतात विमान बनवणाऱ्यांची पहिली पिढी त्यांनी उभी केली. विक्रम साराभाईंच्या निधनानंतर १९७२ मध्ये धवनांना अवकाश कार्यक्रमाची धुरा घ्या म्हणून विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी घातलेल्या अटी मला तोंडपाठ आहेत: विज्ञान संस्थेचं संचालकपद सोडणार नाही आणि इस्रोचं मुख्यालय बंगळूरला राहील. दोन्ही मान्य झाल्या. नील आर्मस्ट्राँग चंद्रावरून आल्यावर जगात कुठेही काहीही होऊ शकले असते. १९७१ मध्ये ते सिनसिनाटी विद्यापीठात एअरोस्पेसचे प्राध्यापक झाले आणि आठ वर्षं त्यांनी वर्गात उभं राहून शिकवलं. पीएच.डी. नव्हती त्यांच्याकडे.

मॅडमच्या नियुक्तीचं पत्रक मी वाचलं. शोधनिबंध किती, विद्यार्थी किती, समित्या कुठल्या, सगळं त्यात आहे. बाउंडरी लेयर हा शब्द एकदा येतो. टनेल सांभाळणाऱ्या मामांचा उल्लेख नाही. मॉडेलच्या पृष्ठभागावरचा एक ओरखडा प्रवाहाला वेळेआधी बिथरवतो, हे त्यांना आमच्यापैकी कुणाहीपेक्षा चांगलं कळायचं. मॉडेलवरून बोट फिरवून ते "इथे लागतंय" म्हणायचे, तिथे मायक्रोस्कोपखाली काहीतरी सापडायचंच. असं पत्रक लिहिणाऱ्याला माझी विनंती आहे, की संख्या थोड्या कमी कराव्यात आणि ज्याला मान मिळाला तो माणूस कुठल्या प्रश्नाच्या मागे आहे ते दोन वाक्यांत नीट सांगावं. वाचणाऱ्या एखाद्या सतरा वर्षांच्या मुलीला त्यातून काही मिळेल. आकड्यांतून तिला काय मिळणार?

अभिनंदनासाठी फोन केला, तेव्हा मॅडम टनेलजवळच होत्या. मागे पंखा घुमत होता, म्हणून त्या बाहेर आल्या. मी विचारलं, "मॅडम, आता समित्या वाढणार का?"

"दोन सोडल्या. पत्र मिळालं त्याच आठवड्यात."

"आणि पैशाचं काय करायचं ठरवलंत?"

"पडदे बदलायचेत गं आधी. जुन्या जाळ्यांत इतकी धूळ बसलीय, की खळबळ ०.१ च्या वरच राहते. मामा म्हणतात सगळे एकदम काढू नका, एकेक काढून मोजत जाऊ. बरोबर आहे त्यांचं." मग त्यांनी एका नव्या मुलीबद्दल सांगितलं. या निधीतून तिला चार वर्षांची शिष्यवृत्ती देणार आहेत. विषय तोच, त्या क्षीण लाटा, पण वक्र पृष्ठभागावरच्या आणि खडबडीत कडेच्या मागच्या. निकाल काय येईल ते माहीत नाही. असा प्रस्ताव याआधी दोनदा परत आला होता, कारण त्यात निष्कर्षाची हमी नव्हती.

"तार लावायला शिकली का ती?" मी विचारलं.

"शिकतेय. काल चार तोडल्या," मॅडम म्हणाल्या आणि मला पुढच्या महिन्यात येऊन तिच्या कॅलिब्रेशनवर एक नजर टाकायला सांगितलं. मी जाणार आहे.